मानमोडी : रिकामे खुराडे आणि दोन थेंब लस



या पानावर आम्ही नेहमी उसाबद्दल लिहितो. बेणे कसे निवडावे, खोडव्यातली पाचट का जाळू नये, खताचा हप्ता केव्हा द्यावा, असे विषय असतात. या वेळी कोंबड्यांचा विषय घेतलेला पाहून काही मंडळी हसतील. 'साखर कारखान्याच्या पत्रिकेत कोंबड्या कशाला?' हा प्रश्न आम्हाला गटाच्या बैठकीतच ऐकावा लागला. विचारणारे अर्थातच पुरुष होते. मागे भिंतीला टेकून बसलेल्या एका बाईंनी तिथल्या तिथे उत्तर दिले, "उसाचं बिल ह्यांच्या खात्यावर येतं आन् सोसायटीत वळतं होतं. कोंबडीचा पैका तेवढा माझ्या हातात ऱ्हातो." त्यानंतर कोणी काही बोलले नाही. म्हणून हा लेख.

हिशेब फार मोठा नाही, पण करून पाहावा. गावरान कोंबडी वर्षाकाठी साधारण पन्नास-साठ अंडी देते. घरी आठ कोंबड्या असल्या तर चार-साडेचारशे अंडी झाली. त्यातली काही पोरांच्या ताटात जातात, काही खुडूक कोंबडीखाली ठेवली जातात, उरलेली विकतात. वर आखाडात आणि पाहुणेरावळे आले म्हणजे कोंबडा विकला जातो तो वेगळा. आजचा बाजारभाव लावून ज्याने त्याने गुणाकार करावा. या कोंबड्यांना दाणा विकतचा नाही, जागा भाड्याची नाही. वहीची-पेनाची खरेदी, दवाखान्याची फी, भिशीचा हप्ता हे सगळे यातून निघते. आणि हे सगळे चार दिवसांत जाऊ शकते.

आमची चूक आम्हीच आधी सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही आठवडी बाजारातून एक तलंग आणली. भाव बराच कमी सांगितला होता, आम्हाला वाटले आपण हुशारीने सौदा केला. संध्याकाळी ती घरच्या चौदा कोंबड्यांत सोडली. दुसऱ्या दिवशी ती पंख पाडून कोपऱ्यात बसली, तिसऱ्या दिवशी मेली. प्रवासाने दमली असेल म्हणून आम्ही तिकडे लक्ष दिले नाही. आठवड्याच्या आत घरच्या कोंबड्या हिरवट पांढरे पातळ हगू लागल्या, चोच वासून श्वास घेऊ लागल्या. एकीची मान अशी पिळली गेली की डोके पाठीवर आले. रोज सकाळी खुराड्याचे दार उघडायचे आणि तीन-चार मेलेल्या बाहेर काढायच्या.

त्यातही तीन कोंबड्या धडधाकट दिसत होत्या. निदान त्या तरी जगाव्यात म्हणून आईने त्या डालग्यात घालून आमच्या थोरल्या बहिणीच्या गावी पाठवल्या. पंधरा दिवसांत ताईच्या घरच्या कोंबड्या गेल्या, शेजारच्या दोन घरांच्याही गेल्या. ताई एका शब्दाने बोलली नाही. पुढच्या आखाडात दाजींचा निरोप आला, "जेवायला या, पण कोंबडी आणू नका." त्या निरोपावर घरात कोणालाच हसू आले नाही. तेव्हा आम्हाला जे ठाऊक नव्हते ते आज सभासदांना ठाऊक व्हावे, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

या रोगाला आपल्याकडे मानमोडी म्हणतात. कोणी नुसतेच 'कोंबड्यांवर मर आली' म्हणतात. सरकारी कागदावर त्याचे नाव राणीखेत आहे. राणीखेत हे हिमालयाच्या पायथ्याच्या कुमाऊँ भागातले थंड हवेचे गाव. १९२७-२८ च्या सुमारास तिथल्या कोंबड्यांत हा रोग आपल्या देशात पहिल्यांदा ओळखला गेला, म्हणून ते नाव. बिचाऱ्या गावाचा काही दोष नाही. त्याच्या थोडे आधी, १९२६ साली, हाच रोग जावा बेटावर आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसल शहराजवळ दिसला होता. म्हणून जगात इतरत्र त्याला न्यूकॅसलचा रोग म्हणतात. तेव्हापासून तो गेलेला नाही. परभणी जिल्ह्यातल्या गावांत, आपल्या जिंतूर तालुक्याच्या वाड्या-तांड्यांवर, खुराडे एकाएकी रिकामे झाले की बहुतेक वेळा कारण हेच असते.

रोग विषाणूंमुळे होतो. हे नीट समजून घ्यावे, कारण पुढचे सगळे यावरच अवलंबून आहे. विषाणूवर आपल्या नेहमीच्या औषधांचा इलाज चालत नाही. मेडिकलमधून टेट्रासायक्लिनची पुडी आणून पाण्यात घालणारे पुष्कळ आहेत. कोणी हळद-लसूण भरवतो, कोणी ओव्याचे पाणी पाजतो, कोणी लाल मिरची कुटून गोळी करतो. हळदीला आमचा विरोध नाही, पण मानमोडी तिने हटत नाही. अँटिबायोटिकने फार तर रोगाच्या पाठोपाठ येणाऱ्या दुसऱ्या जंतूंना थोडा आळा बसतो. मूळ रोगावर इलाज नाही, आणि जो कोणी इलाज म्हणून काही विकत असेल त्याच्याकडून ते घेऊ नये.

लक्षणे ओळखू यायला वेळ लागत नाही. विषाणू अंगात शिरल्यापासून दोन ते पंधरा दिवसांत, बहुधा पाच-सहा दिवसांत, कोंबडी सुस्तावते, दाणा सोडते, पिसे फुलवून बसते. हिरवट पातळ हगवण लागते. घशातून घरघर येते, नाकातोंडातून चिकट स्राव येतो. अंडी पडायची थांबतात, पडली तर मऊ कवचाची, वेडीवाकडी. काहींचे डोके-डोळे सुजतात. जी यातून चार दिवस तगते तिच्या मज्जातंतूंवर रोग जातो. मग मान पिळते, पाय-पंख लुळे पडतात, कोंबडी गोल गोल फिरते किंवा मागे मागे चालते. पुष्कळ वेळा मान मोडण्याइतका वेळच मिळत नाही. रात्री ठीक, सकाळी मेलेली. लस न दिलेल्या कळपात शंभरातल्या नव्वद किंवा सगळ्याच कोंबड्या जाऊ शकतात.

आता विषाणू येतो कुठून? बहुतेक वेळा तो बाजारातून आणलेल्या नव्या कोंबडीच्या अंगातून येतो. आजारी पक्ष्याची विष्ठा, नाकातोंडाचा स्राव, मेलेल्याची पिसे आणि आतडी, या सगळ्यांत तो असतो. विष्ठा चिकटलेली चप्पल, डालगे, अंड्यांचा ट्रे, व्यापाऱ्याच्या मोटारसायकलची जाळी यांवरून तो एका दारातून दुसऱ्या दारात जातो. मेलेली कोंबडी उकिरड्यावर फेकली की कुत्रा ती ओढत तिसऱ्या गल्लीत नेतो, कावळा आतडे उचलून चौथ्या परसात टाकतो. सावलीत, ओलाव्यात, विष्ठेत हा विषाणू कित्येक दिवस जिवंत राहतो. कडक ऊन, चुना, ब्लिचिंग पावडर आणि उकळते पाणी यांपुढे मात्र त्याचा टिकाव लागत नाही.

आजारी कोंबडी विकण्याबद्दल

या मुद्द्यावर थोडे स्पष्ट लिहितो, राग नसावा. कळपात पहिली कोंबडी पडली की घरोघर एकच विचार येतो, बाकीच्या पडायच्या आत विकून मोकळे व्हावे. चार पैसे तरी सुटतील. विचार गरिबीतून येतो हे आम्ही जाणतो. परंतु धडधाकट दिसणारी ती कोंबडी त्याच वेळी अंगात रोग घेऊन बसलेली असते. आम्ही जी तलंग स्वस्तात आणली ती अशीच कोणीतरी घाईने विकलेली होती, आणि आम्ही ताईकडे पाठवलेल्या तीनही तशाच. बोरीच्या बाजारात विकलेली कोंबडी चारठाण्याच्या परसात जाऊन मरते, आणि दोन महिन्यांनी चारठाण्याची बामणीवाटे पुन्हा आपल्याच गावात येते. वाचवलेले चार पैसे शेजाऱ्याच्या घरातून काढलेले असतात, आणि पुढच्या फेरीला तो ते आपल्या घरातून काढतो.

मग काय करावे? पहिल्याच दिवशी सगळ्या कोंबड्या कोंडाव्यात. गावात मोकळ्या सोडू नयेत. ज्या पडल्या त्या वेगळ्या कराव्यात. शेजारी-पाजारी लगेच सांगावे, लाज धरू नये. सांगितल्याने शेजारी आपल्या कोंबड्या वेळेत कोंडतो आणि वाचवतो. विकणे, कोणाला देणे, पाहुण्याबरोबर पाठवणे पूर्ण बंद. मेलेल्या कोंबड्या उकिरड्यावर, नाल्यात, कालव्यात टाकू नयेत. तीन-चार फूट खोल खड्डा घेऊन, वर चुना टाकून, माती दाबून, कुत्र्याने उकरू नये म्हणून काट्या किंवा दगड ठेवावेत. मेलेली कोंबडी खाऊ नये, कुत्र्यालाही घालू नये. ज्याच्या घरी रोग आहे त्याने दुसऱ्याच्या खुराड्यात हात घालू नये, आणि शेजारणीनेही 'बघू तरी काय झालं' म्हणून येऊन बघून जाऊ नये. त्याच चपलेने ती आपल्या घरी जाणार असते.

आणि गुरांच्या दवाखान्यात कळवावे. स्वतः जाणे होत नसेल तर १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फोन करावा. त्यासाठी पैसे पडत नाहीत.

कळवायला लोक घाबरतात, ते का हेही आम्हाला माहीत आहे. जानेवारी २०२१ ची आठवण अजून ताजी आहे. आपल्याच जिल्ह्यात, परभणी तालुक्यातील मुरुंबा गावात, दोन-तीन दिवसांत आठ-नऊशे कोंबड्या मेल्या. नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे गेले आणि अहवाल आला, बर्ड फ्ल्यू. मग एक किलोमीटर परिसरातल्या कोंबड्या मारून पुराव्या लागल्या आणि भोवतालच्या दहा किलोमीटरांत खरेदी-विक्री व वाहतूक बंद झाली. त्याआधी फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला देशातला कोंबड्यांतला पहिला बर्ड फ्ल्यू निघाला. तिथे सुरुवातीला 'ही तर राणीखेत आहे' असेच बोलले जात होते.

यातून लक्षात घेण्याची गोष्ट अशी की मानमोडी आणि बर्ड फ्ल्यू नुसत्या डोळ्यांनी वेगळे ओळखता येत नाहीत. सुस्ती, हगवण, सुजलेले डोके, निळसर तुरा, एकाएकी मरतूक ही दोन्हींत दिसतात. अनुभवी डॉक्टरसुद्धा प्रयोगशाळेच्या अहवालाशिवाय खात्रीने सांगत नाही. मानमोडीचा माणसाला फारसा धोका नाही. आजारी पक्षी किंवा लस हाताळताना ती डोळ्यात गेली तर चार-दोन दिवस डोळे लाल होतात, इतकेच. बर्ड फ्ल्यूचे तसे नाही, तो क्वचित का होईना माणसाला होतो आणि जिवावर बेततो. म्हणून मरतूक झाली की मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हाताने धरू नये. हातात प्लास्टिकची पिशवी, तोंडाला फडके, आणि नंतर साबणाने हात धुणे एवढे करावेच. पोरांना जवळ येऊ देऊ नये. कोंबड्यांबरोबर कावळे, बगळे मरताना दिसले तर एक तासही थांबू नये. आपणच मेलेली कोंबडी पिशवीत घालून एसटीने परभणीला नेण्याचा उपद्व्याप करू नये. डॉक्टरला बोलवावे, नमुना कसा घ्यायचा आणि कुठे पाठवायचा ते तो पाहील. अशी मरतूक असली तर डॉक्टर येईपर्यंत पुरण्याचीही घाई करू नये. मेलेले पक्षी झाकून, कुत्र्या-मांजरांपासून दूर ठेवावेत.

'कळवलं तर सरकार सगळ्या मारून टाकंल' ही भीती मानमोडीच्या बाबतीत खरी नाही. सरसकट पक्षी मारण्याची मोहीम बर्ड फ्ल्यूसाठी असते. आणि तिथेसुद्धा नुकसानभरपाई मिळते ती सरकारी हुकुमाने मारलेल्या पक्ष्यांची, आधीच मेलेल्यांची नव्हे. म्हणजे जो लपवतो त्याच्या कोंबड्या फुकट मरतात, आणि जो वेळेवर कळवतो त्याच्या हाती काहीतरी पडते. हे आमच्या गावकऱ्यांना कोणी नीट सांगितलेलेच नाही.

लस

इलाज नाही, पण लस आहे, आणि ती चांगली आहे. १९४६ साली कुमाऊँमधल्याच मुक्तेश्वरच्या संशोधन संस्थेत हॅडो आणि इदनानी या शास्त्रज्ञांनी राणीखेतच्या विषाणूला सौम्य करून लस तयार केली. तीच आज आर-टू-बी म्हणून ओळखली जाते. जिथे रोग ओळखला गेला त्याच डोंगरात त्याची लस निघाली. आपल्या राज्यात पुण्याजवळ औंधच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेत या रोगाच्या लसी तयार होत आल्या आहेत. खाजगी कंपन्यांच्याही मिळतात.

लहान पिलांना द्यायची ती लासोटा किंवा एफ जातीची लस. पिलू पाच ते सात दिवसांचे झाले की डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब. थेंब टाकून पिलाने पापणी मिटेपर्यंत धरून ठेवावे, नाहीतर झटका देऊन ते थेंब उडवते. चार आठवड्यांनी लासोटाचा आणखी एक थेंब. पुन्हा का, असे विचारणारे पुष्कळ आहेत. कारण असे की लस घेतलेल्या कोंबडीच्या अंड्यातून पिलाला आईचे थोडे संरक्षण मिळालेले असते. पहिले काही दिवस ते पिलाला सांभाळते, पण तेच पहिल्या लसीची ताकदही थोडी खाते. आईचे कवच उतरले की दुसरा थेंब पक्का बसतो.

पुढे आठ आठवड्यांच्या सुमारास आर-टू-बी लस, सुईने, पंखाखाली कातडीत. ही लस तेज आहे. सहा आठवड्यांच्या आतल्या किंवा अशक्त, जंतांनी पोखरलेल्या पिलांना ती देऊ नये, पिले लुळी पडतात. म्हणून आठवडाभर आधी जंताचे औषध द्यावे, आणि ही सुई पशुवैद्यकीय दवाखान्याच्या माणसाकडूनच टोचून घ्यावी. एकाच सुईने पन्नास घरे फिरणारा कोणी आला तर त्याला दारातूनच परत पाठवावे. एका कोंबडीचा रोग दुसरीत टोचायला त्याहून सोपा मार्ग नाही.

परसातल्या कोंबड्यांसाठी जगभरच्या तज्ज्ञांचा सल्ला आता असा आहे की थेंबाची लस दर चार महिन्यांनी द्यावी, कारण परसात सतत नवी पिले निघत असतात. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या विद्यापीठात खास खेड्यापाड्यांसाठी आय-टू नावाची थोडी उष्णता सोसणारी लस तयार झाली. मोझांबिक, टांझानियासारख्या देशांत गावातलीच माणसे शिकून ती दर चार महिन्यांनी डोळ्यात थेंब टाकून देतात. आपल्याकडे बहुतेक लासोटाच मिळते, पण चार महिन्यांचे वेळापत्रक आपण उचलायला हरकत नाही. तारखा कोण लक्षात ठेवतो? आम्ही सोपे करून सांगतो : दसरा, महाशिवरात्र आणि मृग. साधारण चार-चार महिन्यांचे अंतर पडते. दसऱ्याची लस गाळप हंगाम सुरू होण्याआधी होते आणि शिवरात्रीची उन्हाळा चढण्याआधी. थंडी सरून ऊन वाढू लागते त्या दिवसांत या रोगाचा जोर जास्त, हा आपला अनुभव आहे.

एक तक्रार आम्ही नेहमी ऐकतो, "लस दिली आन् दुसऱ्याच दिवशी कोंबड्या मेल्या." ती तक्रार खोटी नसते, पण तिचा अर्थ चुकीचा लावला जातो. गावात रोग शिरल्यावर लोक लशीसाठी धावतात. तोवर कळपातल्या काही कोंबड्यांच्या अंगात विषाणू शिरलेला असतो. लस दिल्यापासून अंगात ताकद यायला एक-दोन आठवडे लागतात. रोग चार दिवसांत मारतो. म्हणजे लसीने मारले नाही, लसीला उशीर झाला. पूर येऊन गेल्यावर बांध घातला तर तो कोणाच्या कामाचा? गावात शांतता आहे, कोंबड्या धडधाकट आहेत, तीच लसीची वेळ.

दुसरी अडचण खरी आहे आणि तिच्यावर तोडगा काढायला आपणच पाहिजे. लसीची कुपी लहानात लहान म्हटली तरी शंभरच्या आसपास मात्रांची येते. घरी कोंबड्या आठ. कुपी फोडून तिच्यात औषधी पाणी मिसळले की ती दोन तासांत संपवावी लागते, उरलेली टाकून द्यावी लागते. फोडायच्या आधीही तिला दोन ते आठ अंश थंडी लागते. शर्टाच्या खिशात घालून मोटारसायकलवरून उन्हात आणली की कुपीत लस राहत नाही, नुसते पाणी राहते. मग आठ कोंबड्यांसाठी एकटा कोण शंभराची कुपी आणि बर्फ आणणार? कोणी आणत नाही, आणि गाव बिनलसीचे राहते.

जे काम एकट्याच्या आवाक्याबाहेर आहे ते दहा-बारा घरांनी मिळून करायचे, हे ऊस उत्पादक सभासदांना आम्ही शिकवायला नको. एका गल्लीत दहा-बारा घरे धरली तर एक कुपी पुरी खपते, खर्च घरटी किरकोळ पडतो, आणि मुख्य म्हणजे सगळ्या गावाची लस एकाच दिवशी होते. त्याचे महत्त्व फार आहे. अर्ध्या गावाने दिली आणि अर्ध्याने नाही, तर बिनलसीच्या घरात रोग धुमसत राहतो आणि नवी पिले निघाली की पुन्हा पेट घेतो.

काम पहाटे, कोंबड्या सोडायच्या आधी करावे. एकदा सोडल्या की दिवसभर मागे पळत बसावे लागते. कुपी सावलीत, बर्फात ठेवावी. थेंब टाकणाऱ्याने हात धुवावेत, डोळे चोळू नयेत. रिकामी कुपी आणि उरलेली लस उकळत्या पाण्यात टाकून मग पुरावी, पोरांच्या हाती खेळायला देऊ नये. त्या दिवशी एखादी कोंबडी आजारी दिसली तर तिला लस न देता वेगळी ठेवावी.

ऊसतोडीच्या टोळ्यांबद्दलही लिहिले पाहिजे, कारण हा प्रश्न कारखान्याचा आहे. हंगामात टोळ्या येतात तेव्हा गाडीखाली बांधलेल्या डालग्यात त्यांच्या कोंबड्याही येतात. तळावर कोप्यांभोवती त्या मोकळ्या चरतात. आपल्या तालुक्यातून बाहेरच्या कारखान्यांवर जाणारी कुटुंबेही आपल्या कोंबड्या घेऊन जातात आणि हंगाम संपला की घेऊन येतात. पाच महिने घर बंद ठेवायचे तर कोंबड्या कोणाच्या भरवशावर ठेवायच्या? एका तळावर दहा गावांच्या कोंबड्या एकत्र येतात, आणि एप्रिलमध्ये दहा गावांत परत जातात. मानमोडीला याहून चांगली सोय दुसरी नाही. याचा अर्थ 'टोळीवाल्यांनी रोग आणला' म्हणून त्यांच्याशी भांडावे असा मुळीच नाही. पुष्कळदा रोग आपल्या गावातून त्यांच्या तळावर जातो आणि त्यांची सगळी शिदोरी घेऊन जातो. तळावर आल्याच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्याही कोंबड्यांना थेंब दिला पाहिजे, आणि तो आपल्याच कुपीतून दिला पाहिजे.

ज्यांच्या घरी रोग येऊन गेला त्यांनी लगेच नवी पिले आणू नयेत. खुराड्यातली विष्ठा, गवत, जुना भुसा खरवडून जाळावा. जमीन खरवडून चुन्याची निवळी मारावी, डालगी-भांडी उकळत्या पाण्याने धुऊन कडक उन्हात टाकावीत. निदान एक महिना खुराडे रिकामे ठेवावे. मान वाकडी होऊन वाचलेली कोंबडी काही आठवडे विषाणू टाकत राहते, तिला नव्या पिलांत ठेवू नये. आमच्याकडे वाचलेल्या दोनपैकी एक अशीच मानमोडी होती. आईने माया करून हाताने दाणा भरवून ती जगवली, आणि पुढची सहा पिले तिच्यापायी गेली असे आम्हाला आज वाटते. अंथरूण म्हणून कारखान्यातला बगॅस नेणाऱ्यांनी तो पुरता वाळवून न्यावा. ओल्या बगॅसला बुरशी धरते आणि पिलांच्या फुप्फुसांना तिचा त्रास होतो, तो वेगळाच रोग आहे.

नवी कोंबडी किंवा पिले घेताना लस दिली आहे का, कोणत्या तारखेला, हे विचारावे. गिरिराज, वनराज अशी सुधारित जातीची पिले घेतली तरी हा रोग त्यांना सोडत नाही. बाजारातून आणलेली प्रत्येक कोंबडी, ती कितीही देखणी असो, पंधरा दिवस वेगळ्या डालग्याखाली, घरच्या कोंबड्यांपासून दूर ठेवावी. आधी घरच्या कोंबड्यांना दाणा-पाणी द्यावे, मग तिला, उलट नको. परभणीला १९७२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, जिंतूरपासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर. बचतगटांनी तिथे जाऊन थेंब टाकणे प्रत्यक्ष शिकून घेतले तर उत्तम. शिकायला तासभर पुरतो, आणि आमच्या पाहण्यात बायांचा हात या कामाला पुरुषांपेक्षा हलका आहे.

दसऱ्याच्या लसीसाठी प्रत्येक गट कार्यालयात एक वही ठेवली आहे. तीत आपले नाव, गल्ली आणि कोंबड्या किती हे लिहून जावे. मोठ्या किती, पिले किती, हे वेगळे लिहावे. सभासदाचे नाव घरधन्याचे असले तरी कोंबड्या ज्या बाईच्या असतील तिचेच नाव लिहिले तरी चालेल, वहीत त्याला अडचण नाही. तळावरच्या मुकादमांनीही आपल्या टोळीचा आकडा द्यावा. गल्लीची कुपी आणायला जो जाईल त्याने रुंद तोंडाचा थर्मास बरोबर आणावा, आणि तो आधी धुऊन आणावा. मागच्या खेपेला एक जण चहाचा थर्मास तसाच घेऊन आला होता, आणि आतला चहा अजून गरम होता.